मशादो द असिस : आजाराचे नाव टाळणारा कादंबरीकार

रिओ द जानेरोच्या फारू धक्क्यावर १९०७ साली टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आगुस्तो माल्ता हे त्या शहराचे अधिकृत छायाचित्रकार. नव्याने बांधल्या जाणाऱ्या रिओची दृश्ये टिपणे हे त्यांचे नित्याचे काम. त्या दिवशी मात्र त्यांच्या कॅमेऱ्यासमोर एक वृद्ध गृहस्थ बाकावर कलंडलेले होते. भोवती बघ्यांची गर्दी जमली होती आणि दोघे-चौघे त्यांना सावरत होते. हे गृहस्थ म्हणजे ब्राझीलचे सर्वश्रेष्ठ कादंबरीकार आणि ब्राझिलियन साहित्य अकादमीचे संस्थापक-अध्यक्ष जुआकीं मारिया मशादो द असिस. त्यांना अपस्माराचा झटका आला होता. जी गोष्ट लपविण्यात त्यांनी उभे आयुष्य वेचले, ती अशी भर रस्त्यात कायमची नोंदली गेली.

मशादोंचा जन्म २१ जून १८३९ रोजी रिओतील लिव्रामेंतो टेकडीवर झाला. वडील घरांना रंग देण्याचे काम करीत. वडिलांचे आईवडील हे गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय, तर मशादोंची आई पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेली. मशादो नऊ वर्षांचे असतानाच आई वारली. पुढे सावत्र आईने त्यांना मायेने वाढविले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाहीच. बोलताना जीभ अडखळे, प्रकृती तोळामासा, वर्ण सावळा, आणि देश असा की जिथे गुलामगिरी १८८८ पर्यंत कायदेशीर होती. अशा मुलाने पंधराव्या-सोळाव्या वर्षी नियतकालिकात कविता छापून आणावी, सतराव्या वर्षी सरकारी छापखान्यात खिळे जुळविणारा उमेदवार म्हणून लागावे आणि पुढे त्याच शहराच्या वृत्तपत्रांत लेखक म्हणून स्थिरावावे, हे त्या काळच्या मानाने अद्भुतच म्हटले पाहिजे.

लहानपणी आपल्याला अधूनमधून काही चमत्कारिक संवेदना होत असत, एवढेच त्यांनी पुढे पत्नीला सांगितल्याचे चरित्रकार नमूद करतात. ही पत्नी म्हणजे कारोलिना ऑगुस्ता शावियेर द नोवाइश. पोर्तुगालमधील पोर्तो शहरात वाढलेली, वयाने मशादोंहून थोडी मोठी, वाचनात मुरलेली. तिचा कवी भाऊ मशादोंचा मित्र होता. तरीही बहिणीने मिश्र वंशाच्या माणसाशी लग्न करावे, हे घरच्यांच्या पचनी पडले नाही. १२ नोव्हेंबर १८६९ रोजी हा विवाह झाला आणि पुढची पस्तीस वर्षे तो टिकला. त्यांना अपत्य झाले नाही. बालपणीच्या त्या चमत्कारिक संवेदनांचा खरा अर्थ काय, हे कारोलिनाला लग्नानंतर झटके पाहिल्यावरच कळले असावे. पुढे तीच त्यांची परिचारिका झाली, वाचक झाली आणि प्रसंगी लेखनिकही.

अपस्मार म्हणजे मेंदूतील चेतापेशींच्या विद्युत्-संदेशांत अचानक उठणारे वादळ. सर्वसामान्यांना त्यातील आकडी तेवढी माहीत असते: माणूस कोसळतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. पण सर्वच झटके असे नसतात. मशादोंच्या समकालीनांनी लिहून ठेवलेल्या हकिकतींचा अभ्यास करून ब्राझीलमधील चेतारोगतज्ज्ञांनी असा निष्कर्ष काढला आहे, की त्यांचे बरेचसे झटके मेंदूच्या एका भागातून, बहुधा कानशिलामागच्या भागातून उद्भवणारे असावेत. अशा झटक्यात माणूस उभा असतो, बोलतोही. पण त्या बोलण्याला संगती नसते आणि नंतर त्याला त्यातले काही आठवत नाही. पत्रकार कार्लोस द लाएत यांनी सांगितलेला प्रसंग याच प्रकारचा आहे. ते रिओच्या गोन्साल्व्हिस डायस रस्त्यावर कोणाशी तरी बोलत उभे असता मशादो जवळ आले आणि काहीतरी असंबद्ध बोलू लागले. लाएत यांनी पाहिले तो त्यांचा चेहरा पार बदललेला. हे काय असावे, याचा अंदाज त्यांना होताच. त्यांनी सोबतच्या गृहस्थाचा निरोप घेतला, मशादोंचा हात धरून त्यांना जवळच्या औषधाच्या दुकानात नेले, तरतरी आणणारे काहीतरी पाजले आणि लारांजेइरासच्या ट्राममध्ये बसवूनच सोडले. तोवर मशादो पूर्ण सावध झाले होते आणि घरापर्यंत सोबत येण्यास त्यांनी लाएत यांना साफ मनाई केली. या हकिकतीतील सर्वांत बोलका तपशील कदाचित ही मनाईच आहे.

लपविण्याला कारणेही तशीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील चेझारे लोंब्रोझो यांच्यासारखे नामवंत वैद्यकशास्त्रज्ञ अपस्माराचे नाते एकीकडे गुन्हेगारीशी, तर दुसरीकडे प्रतिभेशी जोडत होते. दोन्ही बाजूंनी माणूस विकृतच ठरत असे. त्यात मशादो मिश्र वंशाचे. आणि वंशाविषयीच्या तथाकथित शास्त्रीय सिद्धांतांना त्या काळी ब्राझीलमध्ये ऊत आला होता. अशा माणसाने कृषी खात्यात अधिकारपद सांभाळावे, पुस्तके लिहावीत आणि समाजात प्रतिष्ठेने वावरावे, तर या दुखण्याचा उच्चार न केलेलाच बरा. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? आकडी आलेल्याच्या नाकाशी कांदा वा चप्पल धरणारे आजही भेटतात, आणि मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात गोळ्यांची पट्टी कपाटात लपविणारी घरेही.

मशादोंनी हा शब्द किती कटाक्षाने टाळला, याचा एक पुरावा त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीतच सापडतो. १८७८ च्या अखेरीस प्रकृती इतकी ढासळली, की रजा घेऊन त्यांना रिओजवळच्या डोंगरातील नोवा फ्रिबुर्गो या थंड हवेच्या गावी काही महिने राहावे लागले. डोळ्यांनीही त्रास दिला. वाचणे-लिहिणे अवघड झाले, तेव्हा कारोलिना त्यांना वाचून दाखवी आणि नव्या कादंबरीची काही प्रकरणे तर तिने त्यांच्या तोंडून ऐकून उतरवून घेतली. ही कादंबरी म्हणजे ‘ब्रास कुबासच्या मरणोत्तर आठवणी’. १८८० साली ती मासिकातून क्रमशः आली आणि १८८१ मध्ये पुस्तकरूपाने. मेलेला नायक थडग्यापलीकडून आपली जीवनकथा सांगतो, ही तिची कल्पना. सुरुवातीलाच नायकाच्या मृत्यूने व्याकूळ झालेल्या एका स्त्रीचा उल्लेख आहे. ती जमिनीवर गडबडा लोळली असे म्हणता येणार नाही, अशा अर्थाच्या वाक्यात मशादोंनी आधी अपस्मारग्रस्त असा शब्द योजला होता. पुढील आवृत्तीत तो काढून त्याजागी आचके देणारी अशा अर्थाचा सौम्य शब्द घातला. कथेच्या दृष्टीने या बदलाची काहीच गरज नव्हती.

याच कादंबरीचा नायक ब्रास कुबास कशामुळे मरतो? माणसाची उदासी दूर करणारा एक रामबाण लेप शोधून काढायचा आणि त्या लेपाच्या वेष्टनावर आपले नाव झळकवायचे, या ध्यासापायी. औषधाच्या नादात असतानाच वाऱ्याची झुळूक बाधते, दुखण्याकडे दुर्लक्ष होते आणि स्वारी आटोपते. त्यानंतर थोड्याच काळात लिहिलेल्या ‘वेड्यांचा डॉक्टर’ या दीर्घकथेतील डॉक्टर तर गावातील एकेकाला वेडा ठरवून इस्पितळात कोंडत सुटतो आणि शेवटी स्वतःच आत जाऊन बसतो. औषधे आणि डॉक्टर यांच्याकडे इतक्या तिरकस नजरेने पाहणारा हा लेखक स्वतः रुग्ण होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विनोदाची धार अधिक जाणवते.

त्या काळी अपस्मारावर खऱ्या अर्थाने परिणामकारक म्हणता येईल असे औषध एकच होते: ब्रोमाइड. त्याचा शोधही गमतीशीर आहे. राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणांना उपस्थित राहणारे सर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली लंडनच्या वैद्यकसभेत सांगितले, की पोटॅशियम ब्रोमाइड दिल्याने काही स्त्रियांचे झटके थांबले. त्यांचा तर्क असा, की हे झटके कामवासनेच्या उद्रेकातून येतात आणि ब्रोमाइड ती वासना शमविते. तर्क सपशेल चुकीचा होता, औषध मात्र खरे निघाले. पुढील अर्धशतक जगभरातील डॉक्टर अपस्माराच्या रुग्णांना हे खारट चवीचे द्रावण देत राहिले.

पण ब्रोमाइडची किंमत जबर होती. त्याची शरीरातील मात्रा निम्मी होण्यास सुमारे बारा दिवस लागतात. म्हणजे आज घेतलेल्या घोटात मागील कित्येक आठवड्यांचे घोट मिसळत जातात आणि औषध नकळत साचत राहते. झटके रोखणारी मात्रा आणि विषबाधा करणारी मात्रा यांतील अंतर फारच थोडे. ते ओलांडले की सुस्ती येते, जीभ जड होते, चाल डळमळते, शब्द आठवेनासे होतात. चेहऱ्यावर व पाठीवर पुरळ उठतात, श्वासाला दुर्गंधी येते. काहींना भास होतात आणि ते वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पोहोचतात. आहाराशी असलेला संबंध तर याहून विलक्षण. मूत्रपिंडाला ब्रोमाइड आणि स्वयंपाकातील मिठामधले क्लोराइड यांत फारसा भेद करता येत नाही. मीठ भरपूर खाल्ले तर ब्रोमाइड लवीतून निघून जाते आणि औषध लागू पडत नाही. मीठ तोडले तर तीच मात्रा दुप्पट जोराने चढते. फ्रान्समधील शार्ल रिशे आणि एदुआर तुलूझ यांनी १८९९ साली नेमका याचाच उपयोग करून, रुग्णांना अळणी आहार देऊन कमी ब्रोमाइडमध्ये काम भागविण्याचा उपाय सुचविला. औषध आणि अन्न यांची अशी सांगड तोवर क्वचितच कोणी घातली असेल. एरवी रुग्णाला बरे वाटो वा वाईट, त्याचे कारण ताटातल्या मिठात असेल अशी शंकाही कोणाला येत नसे.

एखाद्या हमालाला किंवा कारकुनाला जी सुस्ती कशीबशी सोसता येईल, ती लेखकाला कशी परवडावी? मशादोंची सारी मिळकत शब्दांची. वाक्य कापून छोटे करणे, विशेषण खोडणे, उपहास जेमतेम जाणवेल इतकाच ठेवणे, हे त्यांचे कसब. ‘दों काझ्मुहु’ ही १८९९ ची कादंबरी आजही वाचकांना कोड्यात टाकते, कारण तिचा निवेदक बायकोवर व्यभिचाराचा आळ घेतो आणि लेखक त्या आळाच्या बाजूने वा विरुद्ध एकही उघड शब्द बोलत नाही. असे लिहिणाऱ्या माणसापुढे औषधाने उभा केलेला पेच साधा नव्हता. झटका आला तर चारचौघांत शोभा, आणि तो टाळण्यासाठी औषध घ्यावे तर ज्या बुद्धीवर आयुष्य उभे आहे तिलाच गुंगी. अपस्मारावर औषधे घेणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला, शिक्षकाला वा वाहनचालकाला हा पेच नवा वाटणार नाही.

हे ब्रोमाइड त्यांना दिले ते रिओतील नामांकित डॉक्टर मिगेल कोउतो यांनी, मशादोंच्या उतारवयात. तोवर आयुष्याचा मुख्य आधार कोसळला होता. २० ऑक्टोबर १९०४ रोजी कारोलिना गेली. झटका कधी येणार हे चेहऱ्यावरून ओळखणारी, आल्यावर पाहुण्यांसमोरून अलगद बाजूला नेणारी, पथ्यपाणी सांभाळणारी व्यक्तीच घरात उरली नाही. कोस्मे वेल्यो वस्तीतील त्या घरात, जिथे ती दोघे १८८४ पासून राहत होती, मशादो एकटे राहिले. कचेरी, अकादमी आणि गार्निए यांच्या पुस्तकाच्या दुकानातील संध्याकाळची बैठक हा क्रम त्यांनी सोडला नाही. झटके मात्र लपविणे कठीण झाले. फारू धक्क्यावरचे छायाचित्र याच वर्षांतले.

विशेष म्हणजे याच एकाकी काळात त्यांचे मौन थोडेसे सुटले. प्रसिद्ध कादंबरीकार जुझे द अलेंकार यांचा मुलगा मारिओ हा वयाने तेहेतीस वर्षांनी लहान, पण त्यांच्या निकटचा. तोही अशाच दुखण्याने पिडलेला. या दोघांच्या पत्रव्यवहारात प्रकृती, झटके, औषधे यांचा विषय पुन्हा पुन्हा येतो. ब्रोमाइडने म्हणावा तसा गुण येईना आणि त्रास मात्र होई, म्हणून होमिओपॅथीच्या गोळ्याही घेऊन पाहिल्या गेल्या. ज्याच्यापाशी दुसरे औषधच नाही त्याने आणखी काय करावे! ऑगस्ट १९०८ मध्ये मशादोंनी मारिओला कळविले, की फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर यांच्या चरित्राचे एक पान त्यांनी पुन्हा वाचले आणि त्यात तेच एकटेपण, तीच खिन्नता आणि तेच दुखणे आढळले. फ्लोबेरही झटक्यांनी ग्रस्त होते, हे दोघांनाही ठाऊक होते. दुखण्याचे नाव मशादोंनी तिथेही लिहिले नाही.

मशादोंच्या निधनानंतर चारच वर्षांनी, १९१२ मध्ये, जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरला असे दिसले, की झोपेसाठी दिलेल्या फेनोबार्बिटालने अपस्माराचे झटके कमी होतात. ब्रोमाइडचे राज्य तिथून ओसरू लागले. १९३८ मध्ये बोस्टनच्या ह्यूस्टन मेरिट आणि ट्रेसी पुटनम यांनी फेनिटॉइन आणले. झोप न आणताही झटके थांबविता येतात, हे त्याने दाखवून दिले. पुढे कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि नंतर इतर अनेक औषधे आली. त्रास संपला असे मात्र नाही. त्याचे रूप पालटले. फेनिटॉइनने हिरड्या सुजून वाढतात. व्हॅल्प्रोएट गर्भवतीने घेतल्यास बाळात व्यंग येण्याचा आणि त्याची बौद्धिक वाढ खुंटण्याचा धोका असतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटाल ही यकृतातील विकरांना चेतवितात, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या किंवा रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन यांचा प्रभाव घटू शकतो. क्षयरोगावरील औषधांपैकी आयसोनियाझिडने फेनिटॉइनची रक्तातील पातळी चढते, तर रिफाम्पिसिनने ती उतरते. आपल्या देशात ही दोन्ही दुखणी एकाच घरात, कधी एकाच माणसात भेटतात. म्हणून दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी डॉक्टरकडे गेल्यावर अपस्मारावरील गोळ्यांचे नाव सांगणे आवश्यक ठरते. आणि कंटाळून वा बरे वाटते म्हणून गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर थांबता न थांबणाऱ्या झटक्यांची वेळ येऊ शकते. यांपैकी काहीही लपविलेल्या पट्टीला लागू पडत नाही, हे उघड आहे.

मशादोंच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. १९०८ च्या मध्यावर त्यांनी नोकरीतून रजा घेतली. त्याच वर्षी ‘आयरिशची रोजनिशी’ ही अखेरची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील निपुत्रिक वृद्ध जोडप्यात, विशेषतः दोना कार्मो या पात्रात, वाचकांना कारोलिना दिसली. आता अपस्माराच्या जोडीला तोंडातील कर्करोगाचा व्रण होता आणि खाणेपिणे जवळजवळ बंद झाले होते. अखेरच्या दिवसांत घरात मित्रांचा राबता होता. लेखक युक्लिदीस दा कुन्या त्यांतलेच एक. एका संध्याकाळी एक अनोळखी किशोर दारात आला, आजारी लेखकाला भेटू द्या म्हणाला, बिछान्याशी गुडघे टेकून त्याने त्यांच्या हाताचे चुंबन घेतले आणि निघून गेला. दा कुन्या यांनी हा प्रसंग लिहून ठेवला. हा मुलगा म्हणजे आस्त्रोजिल्दो परेरा, १९२२ मध्ये ब्राझीलच्या कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झालेला, हे पुष्कळ वर्षांनी उघड झाले.

२९ सप्टेंबर १९०८ च्या पहाटे मशादो द असिस यांचे निधन झाले. अकादमीत रुई बार्बोझा यांनी निरोपाचे भाषण केले आणि पार्थिव साँव जुआंव बातिस्ता दफनभूमीत कारोलिनाशेजारी ठेवण्यात आले. त्या दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे त्यांच्याच इच्छेनुसार जाळून टाकली गेली. लग्नापूर्वी, मार्च १८६९ मध्ये मशादोंनी तिला लिहिलेली दोन पत्रे तेवढी वाचली आहेत.